तीन ठोके

जबडा तारेने बांधलेल्या लेकीने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं आणि आईकडे पाहिलं.

"काय हवंय गं? पाणी?"

लेकीने पुन्हा ठोकलं. टक, टक, टक. डावा डोळा सुजून पार मिटला होता, पण उघड्या डोळ्यात इतका राग होता की आई खुर्चीतून अर्धी उठलीच. मग लेकीने उशीखालची वही ओढली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं : 'दर बुधवारी निरोपात ठोकत होते. तो समोर उभा असायचा. तू आली नाहीस.'

आईने ते दोनदा वाचलं. न्हाणीघरात पाय घसरला, असं जावयाने फोनवर सांगितलं होतं आणि तिने त्यावर निम्मा विश्वास ठेवलाही होता.

आता या बाईला काही ऐकू आलं नाही, असं तिच्या ऑफिसात सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. तिथे तिला कानबाईच म्हणायचे. तरुणपणी ती टेलिफोन ऑपरेटर होती. त्या नोकरीने डावा कान खाल्ला, तेव्हापासून सगळी भिस्त उजव्यावर. पण तो एक कान दहा जणांना पुरून उरणारा! फोनवर ठेवलेले निरोप साफ करून पोचवणाऱ्या कंपनीत ती तपासनीस होती. लोक निरोप ठेवतात तरी कुठून कुठून, भर रस्त्यातून, कारखान्यातून, नळाखाली भांडी घासता घासता. निम्मं बोलणं गोंगाटात बुडून जातं. म्हणून साहेबांनी एक गाळणी शोधून काढली. माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं, बाकीचं काढून टाकायचं. पण बाकीचं म्हणजे काय, हे यंत्राला कळतंय कपाळ! ते शिकवलं कानबाईने. दोन वर्षं ती एकेका आवाजापुढे 'कचरा' अशी खूण करत बसली. हॉर्न, कचरा. कुत्रं, कचरा. पडलेलं भांडं, आपटलेलं दार, टेबलावरची टकटक, सगळा कचरा. शोधाला बक्षीस मिळालं तेव्हा साहेबांनी तिला व्यासपीठावर बोलावून शेजारी उभं केलं होतं. त्या दिवशी बाई घरी येऊन आरशात बघून एकटीच हसली होती.

तीन ठोके मात्र या मायलेकींचे खास होते. लेक सहा वर्षांची असताना बाप पिऊन यायचा आणि आल्या आल्या कमरेचा पट्टा काढायचा. आई लेकीला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची आणि स्वतः मार खायची. मेल्याचा हात दमला, तो घोरायला लागला, की आतून भिंतीवर तीन ठोके पडायचे, म्हणजे ये. आई उलट दोन ठोके द्यायची, म्हणजे आले. कितीदा तरी तिला लगेच उठता यायचं नाही, ती जमिनीवर पडल्या पडल्याच ठोकायची. पण ते दोन ठोके कधी चुकले नव्हते. बाप मेला, ठोके थांबले. त्या दिवसांचं नावही दोघींनी पुन्हा काढलं नाही.

कानबाई दवाखान्यातून तडक ऑफिसात गेली. मूळ निरोप, गाळणीतून जायच्या आधीचे, तपासनिसांसाठी तिथे चाळीस दिवस ठेवलेले असत. तिने लेकीचा नंबर घातला, तेवढ्यात विभागाच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कानबाई, घरच्यांचे निरोप उघडायचे नाहीत. नियम तुम्हीच सुचवला होतात ना?"

"सुचवला. आता मोडते. काढा मला कामावरून."

"अहो, पण झालंय काय?"

"बसा इथे. तुम्हीही ऐका."

पहिल्या बुधवारचा निरोप. "आई, मी बरी आहे गं. तू कशी आहेस? येईन पुढच्या आठवड्यात." आणि त्या बोलण्याच्या आडून, लाकडावर, टक टक टक. पुढच्या बुधवारी तेच बोलणं आणि जरा जोरात ठोके. त्याच्या पुढच्या बुधवारी तीन ठोके, आणि पुन्हा तीन. हे सगळे निरोप कानबाईने घरी ऐकले होते, पण गाळणीतून आलेले. किती स्वच्छ येतो आवाज, म्हणून शेजारणीलाही ऐकवले होते.

शेवटचा गेल्या बुधवारचा. "ठेवते हं आई," असं म्हणून लेकीने फोन ठेवला होता, पण बंद केला नव्हता. चुकून नव्हे, मुद्दाम. घरी मात्र कानबाईने 'ठेवते' ऐकताच निरोप बंद केला होता.

"झालं आईला सांगून?" एरवी 'आई, चहा घेणार का?' असं विचारणारा जावयाचा तोच मऊ आवाज. "आता इकडे ये."

ताट फुटलं. खुर्ची आडवी झाली. "तोंडावर नको, तोंडावर नको," लेक म्हणत होती, आणि मग काहीतरी जड भिंतीवर आदळलं. पुन्हा आदळलं. असा आवाज कानबाईने शेकड्यांनी कचऱ्यात टाकला होता. मग दार लागलं, आणि फरशीवरून ठोके यायला लागले. तीन. थोडं थांबून तीन. निरोपाची वेळ संपेपर्यंत तीन, तीन, तीन.

मॅडमनी डोळे पुसले. "फोनमध्ये घ्या हे सगळं," त्या म्हणाल्या. "नियमाचं मी बघते."

ती दवाखान्यात परतली तेव्हा जावई पलंगापाशी उभा होता, हातात फुलं घेऊन. लेक भिंतीला चिकटून बसली होती.

"आई, होता कुठे तुम्ही? मी किती घाबरलो! हिला हजारदा सांगितलं होतं, फरशी ओली असते, जपून चाल..."

कानबाई पलंगापाशी गेली. तिने फोन औषधांच्या ट्रेवर ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा केला. ताट फुटलं. शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. नर्स इंजेक्शन हातात धरून थबकली. "तोंडावर नको," सगळ्या वॉर्डात ऐकू गेलं.

"बंद कर ते, थेरडे!"

त्याने फुलं टाकली आणि उघड्या पंजाने तिच्या उजव्या कानावर अशी काही लगावली की बाई कपाटावर जाऊन आदळली. कानातून गरम काहीतरी गळ्यापर्यंत ओघळलं. जग एकदम बंद झालं. तो फोनकडे वळलेला तिला दिसला. तिच्या हाताला पाण्याची स्टीलची बाटली लागली, भरलेली. पहिला तडाखा तिने तोंडावरच दिला. दात तुटून पडलेला दिसला, तेव्हा तिला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला सांगा! दुसरा नाकावर. तो गुडघ्यावर आला, तिने तिसऱ्यासाठी दोन्ही हातांनी बाटली उचलली आणि मागून कुणीतरी तिचे हात धरले. धरले नसते तर ही गोष्ट वेगळीच झाली असती. दोन वॉर्डबॉय त्याच्या पाठीवर बसले. फोन खाली पडला होता आणि सगळे जण त्याच्याकडे बघत होते, त्यावरून तिने ओळखलं की ठोके अजून चालू आहेत.

पोलीस जावयाला घेऊन गेले, फोनही घेऊन गेले. जबाब तिने लिहूनच दिला. डॉक्टरांनी कान तपासला आणि कागदावर लिहिलं : 'पडदा फाटलाय, आतही मार बसलाय. परत ऐकू येईल, असं सांगता येत नाही.' तिने कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि लेकीपाशी जाऊन बसली.

दुपारचं ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. ट्रॉली गेली, तिचं एक चाक लंगडत होतं. दारातलं एक मूल तोंड वासून रडत होतं. नर्सच्या हातून थाळी निसटली, सगळ्यांनी वळून पाहिलं. कानबाईपर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. ती कठड्यावर हात टाकून खिडकीबाहेर बघत राहिली.

हाताखाली लोखंड थरथरलं. एकदा. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.

तिने बोट दुमडलं आणि कठड्यावर दोनदा ठोकलं. किती वाजतंय ते कळत नव्हतं, म्हणून जरा जोरातच ठोकलं.