न झिजणारी फरशी

तेरदाळ्यांच्या घरातल्या फरशीने दिवाळीनंतर झिजायचं बंद केलं, आणि तेव्हापासून घरातली माणसं झिजायला लागली.

हे कळायला महिना गेला. फरशी झिजत नाही ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हे. भरतेश तेरदाळे तर आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत, "शहाबादी आहे. अठ्ठ्याऐंशी साली बसवलीय. बघा, कुठं खड्डा दिसतोय का?" खड्डा दिसत नसे. पाहुणे चहा पीत आणि सूतभर उंची तिथेच ठेवून आपल्या घरी जात.

लक्षात आलं ते पद्मावतीबाईंच्या. सकाळी केर काढताना सुपलीत गव्हाळ रंगाची बारीक पूड येऊ लागली. ती ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या, यावर नवराबायकोचा आठवडाभर वाद चालला. तेरदाळ्यांचं म्हणणं, सोसायटीच्या नियमाप्रमाणे धूळ ही सुकी.

"अहो, पण ही मी आहे," पद्मावतीबाई म्हणाल्या.

मग तेरदाळ्यांनी पट्टी आणली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्यांच्या मुलाच्या, सन्मतीच्या, उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या. पहिलीपासून बारावीपर्यंत, दर वाढदिवसाला एक. पद्मावतीबाई चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या तेव्हा त्या दहावीत होत्या. पंधरा दिवसांनी आठवीत. स्वतः तेरदाळ्यांना मोजलं तर ते दोन बोटं कमी भरले. ते दिवसभर खुर्चीत बसून पेपर वाचत. पद्मावतीबाई मात्र ओटा ते मोरी, मोरी ते बाल्कनी, बाल्कनी ते दार अशा चालत.

उपाय करून पाहिले. स्लिपर घातल्या, स्लिपर तशाच राहिल्या, पाय झिजले. सतरंजी अंथरली, तिच्यातूनही पूड निघाली. तेरदाळ्यांनी सुचवलं, "तू काही दिवस खुर्चीत बसून राहा."

"आणि स्वयंपाक?"

तेरदाळ्यांनी बराच विचार केला, पण त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही.

सन्मती पुण्याहून रोज फोन करी. "बाबा, आई कुठवर आली?"

"चौथीत."

"इकडं घेऊन या की तिला."

"तुझ्याकडं फरशी कसली?"

"इटालियन मार्बल," सन्मती म्हणाला, आणि तेरदाळ्यांनी फोन ठेवून दिला.

निदान पद्मावतीबाईंनीच केलं. डायनिंग टेबलावर बसून त्या लसूण सोलत होत्या. सन्मतीचे लहानपणचे कपडे त्यांना आता व्यवस्थित बसत होते. "घरात कुणातरी एकाला झिजावंच लागतं," त्या म्हणाल्या. "ही फरशी ऐकत नाही. हिच्यावर दुसरी घाला. ती लॅमिनेटची मिळते ना लाकडासारखी, ती. पण झिजणारी आणा. सगळ्यात हलकी, सगळ्यात लवकर झिजणारी. एवढंच लक्षात ठेवा."

"एवढंच ना," तेरदाळे म्हणाले.

आता तेरदाळ्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. साखर कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. झाडूपासून बॉयलरच्या नळ्यांपर्यंत प्रत्येक वस्तू त्यांनी ठोकून, वाकवून, नखाने खरवडून घेतली होती. लग्नाच्या आधी मुलगी बघायला गेले तेव्हासुद्धा पोहे खाताना त्यांनी बशी उलटी करून पाहिली होती.

मुळीक यांचं फ्लोअरिंगचं दुकान मिरज रस्त्याला होतं. भिंतीवर पट्ट्यांचे नमुने पुस्तकांसारखे उभे लावलेले. तेरदाळे खुर्चीवर बसले. पाय जमिनीला पुरले, पण जेमतेम.

"सगळ्यात लवकर झिजणारी दाखवा," ते म्हणाले.

मुळिकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "भाड्यानं द्यायचीय का खोली?"

"नाही. राहायला."

"काका, असं कुणी मागत नाही ओ." तरी मुळीक आत गेले आणि मागच्या गठ्ठ्यातून एक पट्टी फुंकर मारत घेऊन आले. "ही परत आलेली आहे. लाकडाचा फोटो छापलाय, वर पातळ कागद. चार महिन्यांत पांढरी पडते. वर्षात पाय रुतल्यासारखे खड्डे. मी ही विकत नाही, उगाच शिव्या खाव्या लागतात."

हवी होती ती हीच. तेरदाळ्यांनी पट्टी मांडीवर घेतली आणि सवयीने खिशातून किल्ली काढून एक रेघ ओढली. कागद सोलून निघाला. खालचा भुसा दिसला.

चौतीस वर्षांत असला माल त्यांनी कारखान्याच्या फाटकाच्या आत येऊ दिला नव्हता.

"ही पॅक करू ना?" मुळीक म्हणाले.

"करा," तेरदाळे म्हणाले. आणि मग, नुसती माहिती असावी म्हणून, "टिकाऊ कुठली आहे?"

मुळिकांचा चेहरा उजळला. त्यांनी गडद, ओकच्या लाकडासारखी दिसणारी एक पट्टी काउंटरवर ठेवली. तिच्यावर किल्ली ओढली, मग खिळा, मग तारेची घासणी. वर पाणी ओतलं, ते पुसलं. शेवटी ते बूट घालून तिच्यावर चढले आणि टाचेवर गरागरा फिरले. पट्टीवर काही उमटलं नाही. मुळीक खाली उतरले तेव्हा त्यांचा एक पाय किंचित आखूड पडत होता, पण तिकडे कुणी पाहिलं नाही.

"पाच नंबरचा ग्रेड आहे, काका. घराला तीन पुरतो. पाच विमानतळाला घालतात. पंचवीस वर्षं वॉरंटी, लेखी."

"लेखी?" तेरदाळ्यांनी विचारलं. विचारता विचारता त्यांचा हात पाकिटाकडे गेला होता.

घरी खोके आले तेव्हा पद्मावतीबाई टेबलावरून उतरून बघायला आल्या. त्या खोक्याएवढ्याच होत्या. त्यांनी फटीतून हात घालून पट्टीवर नख ओढलं आणि नखाकडे पाहिलं. नख गेलं होतं.

"राहवलं नाही ना तुम्हाला?"

"पंचवीस वर्षांची वॉरंटी आहे," तेरदाळे म्हणाले.

"कुणाची?"

त्यावर तेरदाळ्यांनी कागद काढून दाखवला. कागदावर फक्त फरशीचं नाव होतं.

"परत करून येतो," ते शेवटी म्हणाले. पण खोके उघडले होते, आणि उघडलेला माल परत घेत नाहीत हा नियम तेरदाळ्यांनीच आयुष्यभर दुसऱ्यांकडून पाळून घेतला होता. शिवाय फिटर येऊन दारात उभा होता.

इस्माईलभाई फार टापटिपीने काम करणारा माणूस. त्याने आधी फोमचा पातळ थर अंथरला, मग दारापासून पट्टीत पट्टी अडकवत निघाला. दर पट्टीला टक असा आवाज होई. "काकींना म्हणावं, एका बाजूला थांबा," तो म्हणाला. काकी त्याच्या गुडघ्याजवळच उभ्या होत्या. सन्मतीचेही कपडे आता त्यांना मोठे होत होते, म्हणून त्यांनी तेरदाळ्यांचा मोठा रुमाल साडीसारखा नेसला होता.

"बघू तरी," असं म्हणून पद्मावतीबाईंनी नव्या पट्टीवर एक पाऊल टाकलं, आणि लगेच मागे घेतलं. एका पावलात त्या चार बोटं उतरल्या होत्या.

"कशी आहे?" तेरदाळ्यांनी विचारलं.

"मजबूत आहे," त्या म्हणाल्या.

मग त्या जुन्या फरशीवरूनच मागे मागे सरकू लागल्या. उंची उतरेल तशी पावलं जास्त पडत होती, आणि पावलं पडतील तशी उंची आणखी उतरत होती. इस्माईलभाई पुढे येई, त्या मागे हटत. हॉल संपला. बोळ संपला. तेरदाळे म्हणाले, "ये, मी तुला उचलून घेतो."

"उचलून किती दिवस घ्याल? तुमचे हात बघा आधी."

तेरदाळ्यांनी पाहिलं. सदऱ्याच्या बाह्या बोटांच्या पुढे आल्या होत्या. सकाळपासून ते नव्या पट्ट्यांवर येरझारा घालून प्रत्येक जोड तपासत होते.

दुपारी साडेतीनला शेवटची पट्टी बसली. सगळं घर गडद, गुळगुळीत आणि एकसारखं दिसत होतं. पद्मावतीबाई भिंतीच्या कडेला, बोटभर फटीत उभ्या होत्या. त्यांची उंची आता करंगळीएवढी होती, आणि रुमालाची एक चिंधी फाडून त्यांनी नेसली होती.

"ही फट राहिली की ओ," तेरदाळे म्हणाले.

"ती सोडावीच लागते, काका," इस्माईलभाई म्हणाला. "पावसाळ्यात हे फुगतं. चारी भिंतींना बोटभर जागा नाही सोडली तर मधून उचलतं सगळं. आता वरून भिंतीकडेची पट्टी मारली की दिसणार पण नाही."

पद्मावतीबाईंनी फटीतून डावीउजवीकडे पाहिलं. तळाला जुनी शहाबादी होती. फट भिंतीभिंतीने साऱ्या घरातून जात होती. हॉलमधून बोळात, बोळातून स्वयंपाकघरात.

"मला बरी आहे ही," त्या म्हणाल्या. आवाज ऐकायला तेरदाळ्यांना पालथं झोपावं लागलं. "गॅसवर आधण ठेवलंय. मी बघून येते."

"थांब ना," तेरदाळे म्हणाले. "पद्मा, चहा मी करतो."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं, पण पद्मावतीबाई कोपऱ्यावरून वळल्या होत्या. कपाटामागून त्यांच्या पावलांचा बारीक आवाज येत होता.

"काका, उठा. पट्टी ठोकतो. पाच वाजता दुसरीकडं काम आहे मला." इस्माईलभाईने पट्टी भिंतीला लावली आणि कोपऱ्यापासून खिळे मारत निघाला.

तेरदाळे उठले नाहीत. पालथे पडल्या पडल्या त्यांनी करंगळी फटीत घातली. नव्या फरशीवर त्यांचा गाल हळूहळू सपाट होत होता. खिळ्यांचा आवाज जवळ आला, आणि घराला फेरी घालून दुसऱ्या बाजूने बारीक पावलांचाही. पट्टी करंगळीला टेकून थांबली.

"काका, बोट काढा."

आतल्या बाजूने कुणीतरी पदर सावरला, करंगळीच्या पेरावर पाय दिला आणि ती ओलांडून पुढे निघालं.