सतरा नंबर हजर आहे

मित्रांनो, मी एक जुनी विजेची घंटी आहे. इस्पितळातल्या तपासणीच्या खोलीच्या दारावर माझं ठाणं आहे. कुणाला कसलं आणि किती अपंगत्व आहे, ते याच खोलीत ठरतं आणि दाखला मिळतो. डॉक्टरबाई बटण दाबतात, मी खणखणते, शिपाईकाका आतूनच नंबर पुकारतात आणि बाकावरचं माणूस उठतं. माझा आवाज असा, की पेंगणारा जागा झालाच पाहिजे. बढाई नाही मारत, खरं तेच सांगते.

दारावर बसून मी पुष्कळ शिकले. कुबड्या दिसतात, पांढरी काठी दिसते. पण काही अपंगत्व बघून कळतच नाही. एका हिशेबनीस बाईंचे पाय सोमवारी चालायचे आणि मंगळवारी दगा द्यायचे, तर लोक म्हणायचे, नाटकं करते. एका हुशार मुलीला तोंडी गणितं पटापट यायची, पण अक्षरं काही जुळायची नाहीत. डॉक्टरबाई सांगायच्या, की नुसतं शरीरात काय बिघडलंय ते बघू नका, त्यामुळे माणसाचं कुठे अडतंय तेही बघा. मी मान डोलवायचे. मला वाटायचं, मला सगळं समजलं. कसलं काय! दिव्याखाली अंधार होता.

एक शिवणकामवाली ताई तीन दिवस बाकावर येऊन बसत होती. तिला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. शाळेत शिवण शिकवायची जागा तिला मिळणार होती, पण दाखला हवा होता आणि तिसरा दिवस ही शेवटची तारीख होती. मी रोज खणखणायचे, शिपाईकाका पुकारायचे, आणि वहीत तिच्या नंबरापुढे 'गैरहजर' पडायचं. ती आपल्या नंबराची चिठ्ठी दाखवायला गेली, की शिपाईकाका न बघताच हाताने 'बसा' म्हणायचे. बहिऱ्या माणसाला घंटी वाजवून बोलावत होतो आम्ही! मला अजून लाज वाटते.

तिच्या शेजारी टेलिफोन ऑपरेटर असलेले एक काका बसायचे, त्यांचीही तपासणी तीन दिवस चालली होती. त्यांची दृष्टी मोठेपणी गेली होती, पण कान भारी तिखट. तिसऱ्या दिवशी सतरा नंबर पुकारला आणि त्यांच्या लक्षात आलं, की एकही पाऊल वाजलं नाही. शेजारी तर कुणीतरी बसलंय, तिन्ही दिवस तीच बांगड्यांची किणकिण. त्यांनी विचारलं, उत्तर नाही. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. तिने चिठ्ठी दाखवली, ती त्यांना दिसेना. मग ताईने त्यांचा तळहात उघडला आणि त्यावर बोटाने आकडे काढले. आधी एक, मग सात.

काकांनी तिचा हात धरून उंच केला.

"सतरा नंबर हजर आहे," ते म्हणाले. "तिन्ही दिवस हजर होती."

डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी वही मागवली आणि तिन्ही 'गैरहजर' स्वतःच्या हाताने खोडले. दाखला वेळेत मिळाला. जाताना ताईने काकांच्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलं आणि काका मनापासून हसले. मला एवढा आनंद झाला, की कुणी बटण दाबलं असतं तर मी थांबलेच नसते.

दुसऱ्याच दिवशी माझ्या शेजारी लाल दिवा बसला. आता मी वाजते तेव्हा तो पेटतो, आणि शिपाईकाका बाहेर येऊन नंबराची पाटी दाखवतात, पुकारतातही.

म्हणून सांगते मित्रांनो, कुणी तुमच्या हाकेला ओ दिली नाही, तर त्याला नावं ठेवण्याआधी आपली हाक त्याच्यापर्यंत पोचते का, ते बघा.

परवा ताई आली होती. आता ती शिवणाची बाई आहे. तिच्याबरोबर तिची एक विद्यार्थिनी होती, तिलाही ऐकू येत नाही. दिवा पेटला, पाटी दिसली. माझं खणखणणं संपायच्या आत ती मुलगी ताठ उभी होती.