बकरीच्या दोरीचा हेवा

मी देऊळघाटच्या सोजराबाईंची शेकायची पिशवी बोलतेय. लाल रबराची, पोटात गरम पाणी भरून घेणारी. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल.

कारखान्यातल्या साच्यातून निघाल्यावर दोन वर्षं मी औषधाच्या दुकानात, खोक्यात घडी होऊन पडले होते. एका हिवाळ्यात तुळशीरामभाऊ आले. "बायकोचा खांदा दुखून राह्यला," म्हणाले आणि मला घरी घेऊन गेले.

सोजराबाईंचं वय एकसष्ट. घरचा भाजीचा मळा, आणि दर आठवड्याला धाड गावच्या बाजारात दुकान. दुकान म्हणजे एक पोतं अंथरायचं आणि उजव्या हातात तराजू धरायचा. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला खांद्यावर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता कसं ग्वाड वाटते!" त्या क्षणापासून मी स्वतःला घरातली मुख्य समजू लागले. सून दीपमाला तेल चोळायला आली तरी मी मनातून धुमसायचे.

"वय झालं, आता दुखनारच," तुळशीरामभाऊ म्हणत. "जुनं खोड हाय, करकर करनारच."

हे वाक्य मला फार आवडायचं. वय काही कमी होत नाही, म्हणजे माझी जागा पक्की!

दुखतं म्हणून सोजराबाईंनी हात हलवणंच सोडलं. मी शेकायचे, त्या हात पोटाशी धरून बसायच्या. वेणीही दीपमाला घालू लागली. तीन महिन्यांत हात खांद्याच्या वर जाईनासा झाला.

एका बाजारी मी टोपलीतच होते. हातातला तराजू उंच धरला तरच पारडी मोकळी लोंबतात. सोजराबाईंचा हात वर जाईना आणि वांग्यांचं पारडं पोत्यावर टेकलेलंच राहिलं. समोर विमलबाई उभ्या होत्या, वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"तराजू उचल ना व माय!"

"उचलूनच राह्यली."

"जमिनीले टेकवून मापतं काय? काटा मारतं काय मले?"

आजूबाजूच्या बाया वळून पाहू लागल्या. सोजराबाईंनी वांगी टोपलीत टाकली आणि पोतं गुंडाळलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "मी आता बाजारात बसत नाही. या वयात चोर म्हनून घेनार नाही."

दीपमालाने दुसऱ्याच दिवशी त्यांना बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या आयशा मॅडम होत्या. मी खांद्यावरच होते.

"वय झालं बाई, दुखनारच," सोजराबाईंनी आधीच सांगून टाकलं.

"वयाने थोडं आखडतं, मावशी," मॅडम हसल्या. "पण आपली वेणी आपल्याला घालता येत नाही, हे वयाच्या माथी मारू नका. खांदा जखडलाय. साखर वाढली तरी खांदा असा जखडतो, म्हणून रक्तातली साखर तपासून घ्या, आणि हात रोज हलवा." मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिने शेका, दहा मिनिटं. पण नुसतं शेकून हात सुटणार नाही."

नुसतं! तो शब्द मला उकळत्या पाण्याहून जास्त पोळला.

साखर वाढलेली निघाली, गोळी सुरू झाली. आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे घरातल्या आडव्या लाकडावरून एक दोरी सोडली. कोणती? बकरीची! गाठी पडलेली, बकरीच्या वासाची. तिचं एक टोक डाव्या हाताने ओढायचं, म्हणजे दुसऱ्या टोकाला धरलेला उजवा हात वर जायचा. सोजराबाई "आई व!" करून कळवळायच्या. मी मनात म्हणायचे, मी कधी रडवलं का तुम्हाला? तरी सकाळ-संध्याकाळ त्या तिच्याकडेच जायच्या. मला आधी दहा मिनिटं, पुढचा सगळा वेळ तिला. ती तुटावी असं मी रोज चिंतलं. ती तुटली नाही.

"काऊन जीव काढतं?" तुळशीरामभाऊ ओरडले. "या वयात हात वर करून का विमान थांबवाचं हाय?"

"तराजू उचलाचा हाय," सोजराबाई म्हणाल्या आणि दोरी ओढली.

हात कुठवर गेला, ते दीपमाला भिंतीवर कोळशाने रेघ मारून ठेवायची. मी खाटेवरून त्या रेघा मोजायचे आणि जळायचे. पाचव्या महिन्यात सोजराबाईंनी स्वतःची वेणी स्वतः घातली.

पुढच्या बाजारी मला गरम पाण्याने भरून टोपलीत ठेवलं, लागली तर असावी म्हणून. विमलबाई समोरून चालल्या होत्या. सोजराबाईंनीच हाक मारली, वांगी पारड्यात टाकली आणि तराजू उचलला. दोन्ही पारडी मोकळी झुलली.

"पाह्य, नीट पाह्य."

विमलबाईंनी तराजूकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं. "हात दुखत होता काय व तुवा? मले सांगतलं काऊन नाही?"

"वयाचं दुखनं काय सांगाचं, असं वाटलं मले."

विमलबाईंनी पदराची ओटी पुढे केली. "टाक. अजून किलोभर टाक."

उतारवयात काहीच दुखत नाही, असं मी म्हणणार नाही. अंग थोडंफार कुरकुरतंच. पण जे दुखणं हातातलं काम हिसकावून नेतं, त्याला वय म्हणू नका. कुणाला तरी दाखवा. मला जरूर जवळ घ्या, पण मलाच धरून बसू नका. हे सांगताना मला मुळीच आनंद होत नाही. त्या दोरीचा हेवा अजून जात नाही.

त्याच बाजारी, दुपारी उन्हाने पोत्यावरची मेथी माना टाकू लागली. सोजराबाईंनी मला चाचपलं. मी केव्हाच गार झाले होते, त्यांना आठवलेही नव्हते. त्यांनी माझं झाकण काढलं, पाणी उजव्या तळहातात घेतलं आणि हात उंच करून जुड्यांवर शिंपडलं. मी रिकामी होत गेले, आणि मेथी एकेक पान करून उभी राहिली.