सहा मैल, दोन तास

धोंडूच्या हातून चषक घेतल्यावर आत्मारामपंत वकिलांनी तो आधी रुमालाने पुसला. जेथे बोटांचे ठसे उमटले होते तेथे रुमाल पुन्हा एकदा फिरवला, चषक पाठीमागच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. धोंडू ओटीच्या पायरीशी उभा होता. नाव कोरायचे आहे, चषक घेऊन ये, असा निरोप आला होता. म्हणून त्याच्या बायकोने, सगुणाने, तो सकाळी धुऊन, कोरडा करून, नव्या पंच्यात गुंडाळून दिला होता. पंचा आता त्याच्या हातात रिकामा लोंबत होता.

"नाव कवा कोरनार, वकीलसायब?"

वकील झोपाळ्यावर बसले, पण त्यांनी झोका घेतला नाही. ते क्लबाचे चिटणीस होते. रविवारची शर्यत त्यांच्याच हौसेने भरली होती: मैदानापासून खेडशीच्या पुढल्या वडापर्यंत आणि परत, चौदा मैल. सुरुवातीच्या भाषणात त्यांनी सांगितले होते की बारा वर्षांपूर्वी बेळगावकडचा एक गडी थेट अँटवर्पच्या ऑलिंपिकला जाऊन मॅरेथॉन धावून आला; मग कोकणच्या कातळावर तसा पाय का निपजू नये? तसा पाय निपजला होता. तो टपालाची थैली वाहणाऱ्या धोंडूचा होता. दुसरा आलेला सदू, पुण्याच्या कॉलेजातून नाताळच्या सुटीला आलेला एका व्यापाऱ्याचा मुलगा, त्याच्या मागे पाव मैल राहिला होता.

वकिलांनी सगळे शांतपणे, खटला समजावून सांगावा तसे सांगितले. सदूच्या वडिलांनी लेखी तक्रार केली होती. शर्यत हौशी धावकांची होती. जो धावण्याचा पगार घेतो तो हौशी नव्हे. क्लबाने टपालकचेरीच्या मास्तरांना पत्र घालून विचारले, आणि मास्तरांनी सहीशिक्क्यानिशी कळवले की धोंडू यास धावण्याबद्दलच वेतन मिळते. आता चषकावर सदूचे नाव जाणार होते. हा नियम काही रत्नागिरीत जन्मलेला नाही, असे वकील म्हणाले. फिनलंडचा नुर्मी, सबंध जगाने ज्याच्या पाठीकडेच पाहत धावावे असा माणूस, पण पैसे घेतल्याच्या ठपक्यावरून यंदाच त्याला ऑलिंपिकच्या दारातून परत पाठवले. तेथे धोंडूची काय कथा?

धोंडूने पंच्याची घडी घातली. मग ती मोडली आणि पुन्हा घातली.

"तो आता काय करतो?"

"कोण?"

"तो फिनलंडवाला."

वकिलांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी आत पाहून चहा सांगितला. चहा आला तेव्हा पायरीवर कोणी नव्हते.

घरी सगुणाने रिकामा पंचा पाहिला आणि ती चुलीपुढे बसली. रविवारी रात्री तिने भिंतीतल्या कोनाड्यातली दिव्याची चिमणी काढून खाली ठेवली होती, कोनाडा शेणाने सारवला होता आणि मधोमध चषक मांडला होता. गेले दोन दिवस शेजारणी तो पाहून गेल्या होत्या. आता तिने चिमणी उचलून पुन्हा कोनाड्यात ठेवली. इतक्या जोराने की काच तडकली.

"बरा झाला," ती म्हणाली. "उजेड खाली पडत होता."

धोंडू जेवला नाही. त्याच्या छातीवर रोज एक पितळी बिल्ला असे. त्यावर आकडा होता, नाव नव्हते. अठरा वर्षे तो या आकड्याखाली धावला होता. कधीतरी कशावर तरी आपले नाव धातूत उमटेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. रविवारी मैदानावर एका साहेबाने ते सर्वांदेखत सांगेपर्यंत. न मागितलेली वस्तू हातात देऊन काढून घेणे, हे त्याला चोरीहून वाईट वाटत होते. चोर निदान वस्तू पुसून घेत नाही.

सकाळी थैली बांधली जात असताना तो मास्तरांच्या मेजापुढे जाऊन उभा राहिला. अठरा वर्षांत तो या मेजापर्यंत कधी आला नव्हता. थैली दारातच मिळत असे.

"तुमी काय लिवलात?"

मास्तर वयाने धोंडूहून लहान होते. नव्यानेच बदलून आले होते आणि कागदाला फार भिणारे होते. त्यांनी चष्मा काढला.

"खरं तेच लिहिलं. तू रनर. रनर म्हणजे धावणारा. सरकार तुला धावण्याचा पगार देतं."

"पुस्तकात तसा हाय?"

"असणारच."

"वाचून दाखवा."

कचेरीतला शिक्का मारण्याचा आवाज थांबला. मास्तरांनी चिडून नियमांचे जाड इंग्रजी पुस्तक काढले, बोटाला थुंकी लावून पाने उलटली आणि एके ठिकाणी बोट ठेवून तोंडातल्या तोंडात वाचू लागले. बोट ओळीच्या शेवटी गेले आणि पुन्हा ओळीच्या आरंभी आले.

"काय हाय?"

"या टप्प्याला..." मास्तरांनी घसा साफ केला. "सहा मैलांना दोन तास. खाडीच्या तरीचा वेळ सोडून."

धोंडूला आधी ते कळलेच नाही. भाट्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडली की किनाऱ्याच्या पुळणीवरून, मग घाटी चढून सड्याच्या कातळावर, गोळपच्या अलीकडच्या झापाच्या खोपीपर्यंत त्याचा टप्पा होता. तेथे पावसच्या बाजूने लवू येई; थैल्यांची अदलाबदल होई आणि दोघे आपापल्या दिशेने परतत. तरीचा वेळ सोडला तर तो हे अंतर एका तासाच्या आत कापत असे. रोज. पावसाळ्यातही. पहिल्या दिवशी तेव्हाच्या मास्तरांनी हातात घुंगूरकाठी देऊन 'पळ' म्हटले होते, आणि तो पळाला होता. पुढच्या कोणी त्याला थांबवले नव्हते. पुस्तक उघडून पाहण्याची गरज कोणालाच पडली नव्हती. त्याची वेळ चुकतच नसे.

"दोन तासांत तर म्हातारी बाई जाईल चालत."

मास्तरांनी ओळीवरचे बोट काढून घेतले.

"म्हंजे पगार चालन्याचा."

"तसं... शब्दशः पाहिलं तर."

"मग धावलो तो कोनाचा?"

उत्तर म्हणून मास्तरांनी पुस्तक मिटले. त्यांचा आवाज खाली आला; त्यात क्षणभर एक लाज होती, पण ती टिकली नाही. ते म्हणाले की झाले ते झाले. आता वेगळे लिहिले तर आधीचे लिहिणे खोटे ठरेल, आणि ते वरपर्यंत जाईल. शिवाय चषक आता सदूच्या घरी पोचलासुद्धा असेल.

धोंडूने थैली खांद्यावर घेतली. पट्टा आवळला. काठी उचलली. कचेरीच्या पायऱ्या उतरून तो रस्त्याला लागला आणि चालू लागला.

चालताना घुंगरांचा आवाज वेगळाच येत होता. पळताना ते एका दमात वाजत, जणू कोणी तांदूळ पाखडतो आहे. आता ते एकेक, सुटे सुटे वाजत होते, बैलाच्या गळ्यातल्यासारखे. त्याला स्वतःचीच शरम वाटली, आणि त्या शरमेने रागात भर घातली. तरीवरून उतरल्यावर पुळणीवर मासळीची टोपली घेऊन येसूबाई उभी होती. तिचा रोजचा दिवस या घुंगरांवर बेतलेला होता. ते वाजले की ती टोपली उचली. आज टोपली उचलून ती त्याची वाट पाहत खोळंबली होती.

"काय रे धोंड्या, पायात काटा गेला काय?"

"नाय."

"मग वरातीत चाललायस काय? नवरी खंयची?"

एरवी तो पळता पळता तिला काहीतरी परत फेकून गेला असता. आज त्याच्याकडे वेळ होता आणि शब्द नव्हते. तो तिच्या शेजारून चालत गेला. येसूबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली आणि तिचे हसू हळूहळू ओसरले.

घाटीवर त्याच्या पायांनी दोनदा आपणहून धाव घेतली. दोन्ही वेळा त्याने त्यांना मागे खेचले. लगाम खेचावा तसे. धावण्यापेक्षा हे फार जड होते. सड्यावर वाळलेले गवत वाऱ्याने एका बाजूला झोपले होते. खाली समुद्र दिसत होता. अठरा वर्षे तो या कातळावरून गेला होता आणि समुद्र येथून एवढा दिसतो हे त्याला ठाऊक नव्हते. हेही आपल्याकडून कोणीतरी घेतले असे त्याला वाटले. पण ते कोणी घेतले नव्हते, ते त्यानेच धावून धावून मागे टाकले होते. तो समुद्राकडे फार वेळ पाहू शकला नाही.

लवू खोपीत नव्हता. वाट पाहून, घाबरून तो अर्धा मैल पुढे आला होता, हातात काठी उगारलेली.

"वाघान् धरलान की काय म्हटला तुला! झाला काय?"

तो मोठ्याने बोलत होता, कारण तो भ्याला होता. धोंडूने थैली खाली ठेवली आणि सगळे सांगितले: कपाट, पुस्तक, दोन तास. लवू उकिडवा बसून ऐकत होता. या दोघांची ओळख अठरा वर्षांची, पण ती रोजच्या दोन मिनिटांची होती. एका ठिकाणी इतका वेळ ते कधी थांबलेच नव्हते. ऐकता ऐकता लवूने जमिनीतला एक दगड उपटला आणि लांब फेकला.

"म्हंजे माझापन टप्पा चालन्याचाच?"

"तुझापन."

"माझ्या बापान् गुडघे घालवलान ह्याच्यात." लवूने हाताची माती झटकली. "तो सगला फुकट धावला म्हनायचा."

"फुकट नाय," धोंडू म्हणाला. "त्यांच्या भाषेत त्याला हौशी म्हनतात."

लवूने आपली थैली त्याच्यापुढे ठेवली आणि त्याची उचलली. आता काय करू, असे त्याने विचारले नाही, आणि धोंडूनेही काही सांगितले नाही. तो पाठमोरा झाला. त्याचे घुंगरू सवयीने पळू लागले. वळणापर्यंत गेले. तेथे थांबले. बऱ्याच वेळाने ते पुन्हा वाजू लागले. एकेक, सुटे सुटे.

धोंडू कचेरीत परतला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. खिडकीपाशी लोक ताटकळले होते. कोणी पावसहून येणाऱ्या पत्राची वाट पाहत होते, कोणी नुसतेच कुरकुरत होते. मास्तर भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे होते.

"हा उशीर कशाचा?"

"उशीर नाय," धोंडू म्हणाला. "पुस्तक काढा."

मास्तरांनी पुस्तक काढले नाही. त्यांनी पावतीवर वेळ लिहिली. धोंडूने थैली मेजावर ठेवली. पट्टा सोडला, बिल्ला काढून त्यावर ठेवला. काठी कोपऱ्यात उभी केली. घुंगरू एकदा वाजले आणि थांबले. उद्या सकाळी तो ती उचलणार होता. सगुणाच्या चुलीला दुसरा आधार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होते आणि मास्तरांनाही.

बाहेर येऊन त्याने धोतराचा काचा मारला. घर खाडीच्या बाजूला होते. तो उलट दिशेला, खेडशीच्या रस्त्याला वळला. वर ऊन तापले होते. पहिली दहा पावले तो चाललाच, कारण त्याला अजून कोणाची तरी परवानगी हवी असल्यासारखे वाटत होते. मग तो धावला.

बाजारातून तो गेला तेव्हा कोणी वळून पाहिले नाही. या गावाने त्याला रोज ओळखले होते ते घुंगरांनी. घुंगरांवाचून तो उन्हात पळणारा एक अनवाणी माणूस होता. एकाने तर चोर असेल म्हणून दोन पावले मागे येऊन पाहिले, आणि मागे कोणी ओरडत नाही हे बघून नाद सोडला.

गावाच्या कडेला सदूचे घर होते. जेवणे आटोपली होती. सदू ओटीवर पुस्तक उघडून बसला होता. पाने वाऱ्याने उलटत होती आणि त्याने ती धरली नव्हती. त्याच्या वडिलांनी चषक मुद्दाम दारासमोरच्या चौरंगावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा मांडला होता. नाव अजून कोरायचे होते.

रस्त्यावर पावले वाजली. सदूने मान वर केली नाही. त्याला पाहण्याची गरज नव्हती. हा आवाज त्याने रविवारी खेडशीच्या वडापर्यंत आपल्या पुढे ऐकला होता, मग परतीच्या वाटेवर दूर दूर जाताना ऐकला होता, आणि शेवटी ऐकू येईनासा झाला तेव्हा त्याचा स्वतःचा श्वास तेवढा उरला होता.

तो उठला. कोणी वडीलधारे दारावरून जावे आणि आपण बसलेले असू नये, तसा. आतून वडिलांनी विचारले, कोण आहे रे?

पावले वळणापर्यंत गेली होती. सदू उभाच राहिला. त्याने चौरंगाकडे पाठ केली होती.