पगडीचं चालान

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही या. आपला आवाज काही बुवांसारखा मंडपभर पोचणारा नाही. आज एक गोष्ट ऐकायची आहे. देवादिकांची नाही, आपल्याच भोपाळची. तीत एक स्कूटर आहे, चौकातला कॅमेरा आहे आणि एक पगडी आहे. हसू आलं तर खुशाल हसा. मात्र गोष्ट संपेपर्यंत कुणी उठू नका, कारण यातलं दुखणं तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरचं आहे.

बाग सेवनियात केशवबुवा राहतात. नारदीय कीर्तन करावं तर त्यांनीच. पूर्वरंगात शास्त्र सांगतील, आणि उत्तररंग चढला की मंडपाबाहेरचा चहावालासुद्धा स्टोव्ह बारीक करून कान देईल. गेली कित्येक वर्षं तुळशी नगरच्या देवळात दर गुरुवारी त्यांचं कीर्तन असतं. त्यांच्या गुरूंच्या घरचा एक नेम आहे. घरच्या देवांपुढे डोकं टेकवून पगडी चढवायची, आणि एकदा चढवली की देवळातली आरती होईपर्यंत उतरवायची नाही.

आता पगडीवर हेल्मेट कसं बसणार? बुवा पगडी घालून, उपरणं सावरत, सुनेची स्कूटर काढत आणि थेट निघत. त्यांच्या पत्नी उषाताई दारातून हटकत, "अहो, हेल्मेट?"

"शीख बांधवांना सूट आहे ना? मग पगडी ती पगडी."

"ते आधी कायद्याला विचारून घ्या. मला काय सांगता?"

बुवा हसत आणि किल्ली फिरवत. चौकातला वाहतूक शिपाई त्यांना ओळखायचा. पगडी दिसली की हात जोडून म्हणायचा, "राम राम पंडितजी." बुवाही मान लववत. उशीर झाला असेल तर सिग्नल हिरवा होण्याआधीच पुढे सरकत. शिपाई तोंड दुसरीकडे फिरवायचा. खांबावरच्या कॅमेऱ्याला मात्र हात जोडता येत नव्हते आणि तोंडही फिरवता येत नव्हतं.

स्कूटर होती सुनेच्या, वैशालीच्या नावावर. लग्नाआधी उज्जैनला शिकवण्या करून तिने ती घेतली होती. कागदपत्रांत मोबाइल नंबरही माहेरचाच होता, आणि ते सिमकार्ड बंद होऊन जमाना झाला. त्यामुळे चालानचे, म्हणजे दंडाच्या पावत्यांचे, निरोप निघत राहिले आणि बंद नंबरवर जाऊन विरत राहिले. घरात कुणाला पत्ता नव्हता.

यंदा वैशालीच्या नवऱ्याचं, वरुणचं, मंडीदीपच्या कारखान्यातलं काम सुटलं. घर बुवांच्या दक्षिणेवर चालेना. वैशालीने हिंमत धरली. व्हॅन चालवायला शिकली, तसा परवाना काढला आणि अरेरा कॉलोनीतल्या एका शाळेत मुलांच्या व्हॅनसाठी अर्ज केला. बाई चालक हवी म्हणून शाळा शोधातच होती. तिथल्या प्रतिभा मॅडमना वैशाली आवडली. पण दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"वैशालीजी, तुमच्या नावावर बरीच चालानं बाकी दिसतायत. सिग्नल तोडल्याचीसुद्धा. लेकरांची गाडी आहे हो, असं कसं चालेल? शुक्रवारपर्यंत याचा निकाल लावून या."

वैशालीने आयुष्यात कधी सिग्नल तोडला नव्हता.

तिची नणंद जुई कॉलेजात शिकते. ती लगेच मोबाइल घेऊन बसली. चालानच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला, चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकले. "वहिनी, ओटीपी येतच नाहीये. अरे यार, पुराना नंबर पडा है इसमें." मग दुसऱ्या दिवशी दोघी परिवहन कार्यालयात गेल्या, आधार दाखवून नंबर बदलून आल्या. संध्याकाळी पुन्हा साइट उघडली. गोल चक्र फिरत राहिलं. बुवा आतबाहेर येरझारा घालत होते. गुरुवारच्या आख्यानाची तयारी करायची होती, पण चिपळ्या हातात घेऊन ते नुसते उभे होते.

"खुल गया," जुई म्हणाली, आणि लगेच थांबली.

पडद्यावर फोटो होता. स्कूटर, नंबर प्लेट आणि वर लाल पगडी. पुढचं चालान उघडलं, पुन्हा पगडी. त्याच्या पुढच्यात उपरणं वाऱ्यावर उडालेलं.

जुईने वडिलांकडे पाहिलं. वैशालीने हलकेच तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला. "नंबर चुकला असेल काहीतरी," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही जेवून घ्या."

बुवांना फोटो दिसला होता. त्यांना तेव्हाच 'हा मी आहे' असं म्हणता आलं असतं. तेवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. गावभर सत्याचं निरूपण करणारा माणूस, आणि सून त्याला सांभाळून घेत होती! त्यांनी पानावर बसून भात नुसता चिवडला.

आणि झोपही लागेना. या कुशीवरून त्या कुशीवर. लोक काय म्हणतील? देवळात कुणीतरी मागून म्हणेल, बुवा आले, सिग्नल बघा. शेवटी त्यांनी आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना, विलासरावांना, गाठलं. विलासराव मूळ नागपूरचे. इथल्याच मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांना सगळं भोपाळ ओळखतं, निदान ते तरी तसं सांगतात.

"एवढंच ना?" विलासराव म्हणाले. "बुवा, तुम्ही फक्त गा. मी एक फोन लावतो."

फोन कुणाला लावला कोण जाणे, पण बुधवारी संध्याकाळी ते टाइप केलेला स्टॅम्प पेपर घेऊन घरी हजर झाले. उषाताईंनी पोहे पुढे केले.

"एजंटने मस्त मसुदा केलाय," बशी उचलत विलासराव म्हणाले. "वैशालीबाई, इथे सही करा. स्कूटर दोन वर्षांपूर्वी विकली होती, घेणाऱ्याने नाव बदलून घेतलं नाही. झालं. सगळी चालानं त्या न सापडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर."

"आणि स्कूटर अंगणात उभी आहे तिचं काय करायचं?" उषाताईंनी विचारलं.

"आठ दिवस माझ्याकडे ठेवू की."

"म्हणजे गाडी लपवायची, माणूस बनवायचा आणि सही पोरीची."

"वहिनी, जग असंच चालतं. देवाच्या कामाला जाणारा माणूस आहे हो. कुणाच्या घरी दरोडा घालायला थोडाच जात होता?"

उषाताई गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "भाऊजी, तुळशी नगरच्या त्या चौकातून शाळा सुटल्यावर पोरं रस्ता ओलांडतात. लाल दिव्यात कुणी घुसला तर तो कीर्तनाला चाललाय की दारूच्या गुत्त्यावर, हे त्या पोरांना काय कळणार? गाडी तेवढ्याच जोरात लागते. आणि ही उद्या परक्यांची लेकरं व्हॅनमध्ये बसवणार. त्यांच्या आयांनी हिच्यावर भरवसा ठेवायचा तो या कागदाच्या जोरावर? नियम सगळ्यांना सारखा असतो म्हणूनच रस्त्यावर अनोळखी माणसाचा भरवसा धरता येतो. ज्याने त्याने आपल्यापुरती सूट काढली, तर घरातून बाहेर पडायचं तरी कसं?"

"तुम्हीच कीर्तनाला उभ्या राहा वहिनी," विलासराव हसत म्हणाले.

कुणी हसलं नाही. बुवा खिडकीशी उभे होते. "वैशाली," ते बाहेर बघतच म्हणाले, "तुझी नोकरी महत्त्वाची. शुक्रवार जवळ आलाय."

वैशालीने पेन उचललं. कागद पुढे ओढला.

"करते सही," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही सांगितलं आणि मी ऐकलं नाही असं कधी झालं नाही. फक्त एक करा बाबा. 'गाडी विकली होती,' एवढं एकदा तुमच्या तोंडाने म्हणा. मग मला लिहायला काही वाटणार नाही."

साधं वाक्य. लहान मूलही म्हणेल. बुवांनी ओठ उघडले. पहाटे उठून याच जिभेने नाम घ्यायचं. याच जिभेने गुरुवारी हजार माणसांपुढे म्हणायचं की सत्य हेच देवाचं पहिलं रूप. शब्द येईना.

"नाही जमत," अखेर ते म्हणाले. "मला नाही म्हणता येत, पोरी! गाडी मीच चालवत होतो. दर वेळी मीच होतो. आणि मला फोटो पाहिला तेव्हाच कळलं होतं."

विलासरावांनी बशी खाली ठेवली. बुवांनी तो कागद घडी घालून त्यांच्या हातात दिला. "विलासराव, तुमचं प्रेम आहे, ते मी विसरणार नाही. पण हा कागद माझ्या घरात नको."

गुरुवारी सकाळी बुवा आणि वैशाली वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या हवालदाराने यादी काढली. अलीकडची चालानं तिथल्या तिथे भरता आली. जुनी मात्र न्यायालयात गेलेली होती.

"इनका लोक अदालत में होगा," हवालदार म्हणाला. "अगले महीने."

"मैं ही चला रहा था, इस बच्ची की कोई गलती नहीं," बुवा पुन्हा पुन्हा सांगत होते.

"पंडितजी, मान लिया. लेकिन तारीख तो तारीख है."

शुक्रवारी दोघे प्रतिभा मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. बुवांनी काही न लपवता सगळं सांगितलं. प्रतिभा मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. "बुवा, तुमचं म्हणणं पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी शाळा सुरू होते. तोवर वैशालीजींचं रेकॉर्ड कोरं होणार नाही, आणि व्हॅन मी रिकामी ठेवू शकत नाही. जागा दुसऱ्या बाईंना द्यावी लागेल."

तसंच झालं. मंडळी, इथे देव धावून आला असं सांगता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण ती जागा गेली.

परत येताना वैशाली स्कूटर चालवत होती आणि बुवा मागे बसले होते. बिट्टन मार्केटपाशी सिग्नल लागला. "पहिला फोटो पाहिला त्याच दिवशी मी बोललो असतो," बुवा मागून म्हणाले, "तर मॅडमनी थोडं थांबून घेतलंही असतं. एवढे दिवस मी माझी अब्रू सांभाळत बसलो, आणि गेलं ते तुझं."

वैशालीने मागे वळून पाहिलं नाही. हेल्मेटमधून तिचा आवाज आला, "बाबा, सही केली असती तर व्हॅन मिळाली असती. पण रोज मुलांना बसवताना तो कागद आठवला असता." मग थोडं थांबून म्हणाली, "राग आलाय मला. नाही कशाला म्हणू? पण उतरेल."

त्या पावसाळ्यात तिने डबे करून पोचवले. लोक अदालतीत बुवा स्वतः उभे राहिले, आणि वैशालीच्या नावावरचं शेवटचं चालान मिटलं. आता बुवा हेल्मेट घालून निघतात आणि देवळात पोचल्यावर, ओवरीतल्या देवापुढे डोकं टेकवून पगडी चढवतात. गुरूंचा नेम मोडला का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "गुरूंनी देवापुढे चढवायला सांगितली होती. चौकात मिरवायला नाही." दिवाळीनंतर शाळेने दुसरी व्हॅन सुरू केली. प्रतिभा मॅडमनी पहिला फोन वैशालीलाच केला.

तर बंधूंनो, भगिनींनो, सांगायचं ते एवढंच. आपल्या नावावर काही बाकी आहे का, ते आजच शोधा. साइट उघडा, नाही उघडली तर कार्यालयात जा, आणि आपली चूक असेल तर ओळख न काढता ती मिटवा. भक्ती, वय, हुद्दा यातलं काहीही लाल दिव्यापेक्षा मोठं नाही. आणि खरं बोलायचं तर वेळेवर बोला. उशिरा बोललेल्या खऱ्याचा दंड बहुतेक वेळा दुसऱ्यालाच भरावा लागतो.

आणि कधी सकाळी अरेरा कॉलोनीकडे जाताना, सिग्नलला शांत उभी असलेली मुलांची पिवळी व्हॅन दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका. आत स्टिअरिंगवर वैशाली असेल. तिची एवढी आठवण ठेवा.