काळ्या वड्या तपासणारी पितळी डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे, मित्रांनो. पण पान-सुपारीची नव्हे हं! कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथवर माझं अंग घडलं आणि हुपरीच्या कारागिरांनी आतून चांदीचा मुलामा दिला. मग मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले.

तुमच्या घरी ज्या मायक्रोवेव्ह लहरींवर पापड भाजतात, तशाच लहरी माझ्यात सोडत. आजऱ्याची स्नेहल तिथे संशोधन करायची. भुकटी खलून, दाबून, भट्टीत भाजून ती काळ्या वड्या करायची. खूप गारठवल्यावर जी वडी विजेला जराही अडवत नाही, तिला अतिवाहक म्हणतात. वडी माझ्यात ठेवायची, द्रव नायट्रोजनने गारठवायची आणि शेजारच्या चुंबकाचा जोर हळूहळू बदलायचा. वडीतले थोडे कण जरी अतिवाहक झाले, तरी वडी शोषते त्या लहरी कमीजास्त होत आणि पडद्यावरची रेघ उसळे. तेव्हा मला काय भाव होता!

स्नेहलच्या शेवटच्या वडीला तारा जोडून पाहिलं, तर वीज अडलीच. तिला मार्गदर्शन करणारे सर म्हणाले, "डबीनंही नाही म्हटलं, तर विषय बदलावा लागेल." तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. पोरीची अन्नावरची वासना उडाली.

नेमकी खंडेनवमी आली. मदतनीस मुनव्वरचाचांनी झेंडूचे हार आणले, सरांनी प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू वाहिलं. माझं झाकण उघडंच होतं. दसऱ्यानंतर वडी आत ठेवली, तर रेघ नुसतीच थरथरत राहिली. स्नेहलचे डोळे भरून आले. तिने वडी काढून मला उजेडात धरलं आणि ओरडली, "चाचा, आत कुंकू सांडलंय की!"

"सरांचा हात लई सढळ हाय! पूस आधी."

तिने मऊ फडक्याने मला पुसलं. पुन्हा वडी, पुन्हा नायट्रोजन. रेघ टुणकन उसळली!

"उठली की वं, चाचा!"

सर ओशाळून हसले. "कण अतिवाहक आहेत, फक्त एकमेकांना धरून नाहीत, म्हणून तारांना वीज अडली. आता ते जोडायचे कसे, ते शोध." त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं.

पुढे नवं यंत्र आलं, स्नेहल नोकरीला गेली, चाचा निवृत्त झाले. मी कपाटात पडले. कुणीतरी माझ्यात टाचण्या भरल्या. चांदीवर ओरखडे उठले. बारीक कणांची चाहूल आता मला लागत नाही. फार वाईट वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला मखरात बसवू नका, पण निदान पुसून, झाकून ठेवा. उद्या एखाद्या पोरीला सगळे म्हणतील, "तुझं चुकलं." तेव्हा तिची बाजू तपासून बघणारं कुणीतरी शाबूत असायला हवं.