हरणाबाईचा ढीग

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. जत तालुक्यात प्यायच्या पाण्याचे वांधे होते आणि गावाकडे येणारा टँकर ओढ्याच्या वाळूत रुतायचा. म्हणून दुष्काळी कामावर खडी फोडून ओढ्यातून रस्ता घालायचं ठरलं. मुकादम होते हंबीरराव, फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांना सगळं सरळ रांगेत लागायचं, खडीचे ढीगसुद्धा.

रोज संध्याकाळी तळ नसलेल्या लाकडी पेटीनं खडी मोजली जाई. सगळ्यांच्या पेट्या भरायच्या, हरणाबाईची मात्र अर्धीच. बाईला आळशी म्हणावं तर तिचा हातोडा दिवसभर थांबत नसे. फक्त प्रत्येक दगडावर आधी एक टोला हाणून ती कान द्यायची आणि निम्मे दगड बाजूला भिरकावायची.

"आवं, ह्यो थप्प वाजतुया," ती सांगायची. "आतनं कुजलाय. माजा बाप जाती घडवायचा. असल्या दगडाचं जातं पिठात कचकच सोडतंय."

"रस्त्यावर काय जोंधळं दळायचं हाय व्हय?" हंबीरराव तिला उडवून लावत. दगड जवळच्या खाणीतला, पटापट फुटतो म्हणून त्यांनीच निवडलेला. शनिवारी पेटी पुन्हा अर्धीच भरली तेव्हा त्यांनी सुनावलं, "सोमवारपास्नं येऊ नगं." घरात खाणारी पाच तोंडं आणि पंचक्रोशीत दुसरं काम नाही. हरणाबाई हातोडा पदराखाली घेऊन घरी गेली.

रविवारी ओढ्यात तोवर अंथरलेल्या खडीवरून पहिला टँकर आला. ओढ्यात उतरताच चाकांखाली खडीचा भुगा झाला आणि गाडी बसली. घागरी खाली ठेवून अख्खा गाव ढकलायला लागला. हंबीररावांनीही फेटा काढून खांदा लावला. रडतखडत गाडी गावाकडच्या काठाशी आली, शेवटच्या पट्ट्यावर चढली आणि मग कुणाचा हात न लागता सरळ वर निघून गेली.

त्या पट्ट्यावर हरणाबाईची खडी पडली होती.

हंबीरराव गुडघे टेकून बसले. एकाही खड्याचा टवका उडाला नव्हता. फौजेत त्यांनी भलेभले इंजिनिअर पाहिले होते, पण दगडाच्या पोटातलं ओळखणारं माणूस पाहिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कौतुकच जास्त वाटलं.

सोमवारी उजाडताच ते तिच्या दारात उभे.

"चला हरणाबाई. आजपास्नं तुमी फोडायचं न्हाई. दगड तुमी वाजवायचा, मग बाकीच्यांनी फोडायचा."

"तुमच्या खाणीतला निम्मा टाकून देईन, चालंल?"

"चालंल."

"मग आदी बैलगाडी जुपा. तूट भराय टेकाडामागचा दगड आणाय लागंल."

"आणतो की," म्हणत हवालदार बैल जुंपायला निघालेसुद्धा.